शिळं पाणी

कुलरला मेणकापड गुंडाळून सुतळीने बांधलं, की आमच्या घरी पावसाळा लागला असं समजायचं. बाहेर पाऊस मग कधीचा का सुरू झालेला असेना. यंदा ती सुतळीची गाठ मारून मी हात धुवायला न्हाणीघरात गेले आणि गिझरच्या मागच्या अंधारातून आवाज आला. टक्. थोडं थांबून पुन्हा, टक् टक्. कुणी नखाने दार वाजवावं तसा. तो झाडबेडकाचा आवाज असतो, दरवर्षी येतो, भिलाईतल्या आमच्या वैशाली नगराच्या निम्म्या न्हाणीघरांत येतो, हे सगळं मला ठाऊक आहे. तरी मी ओल्या हातांनीच वळले आणि आधी बाबांच्या खोलीकडे गेले.

बेडूक ओरडला की बापाच्या खोलीकडे कोण धावतं? मी धावते. एका पावसाळ्याने मला ही खोड लावली आहे.

मुळात मी भित्री. लहानपणी कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला, की माय हातातलं काम टाकून दाराशी जाऊन उभी राहायची आणि तिचा पदर धरून मी. बाबा पोलाद कारखान्याच्या मिलमध्ये क्रेन चालवायचे, लालबुंद लोखंड उचलून अलगद खाली ठेवायचे. भोंगा कशाचा होता ते कळेपर्यंत माय दाराची चौकट सोडायची नाही. माझी भीती तेव्हापासून कानांत बसली असावी. अजूनही घरात भांडं पडलं की मी आधी श्वास रोखते आणि मग काय पडलं ते बघते. पाल, झुरळ, विजेचा कडकडाट, अनोळखी नंबरवरून आलेला फोन, कशालाही मी भिते. या सगळ्यांच्या वरचा मान बेडकाचा. शाळेत मी पोरांना विज्ञान शिकवते. फळ्यावर बेडकाचं जीवनचक्र असं फक्कड काढते की पोरं टाळ्या वाजवतात. पण खरा बेडूक दिसला की मी खुर्चीवर. बाबा म्हणायचे, "त्याचं वजन पाह्य, तुहं पाह्य. भ्यायचं कोनं?" आणि माय तोंडाला पदर लावून हसायची.

त्या पावसाळ्याआधी, माघात, माय गेली. आजारी नव्हती. सकाळी उठून तिने गुंड घासला, नळाचं ताजं पाणी भरलं, वर झाकण ठेवलं, आणि दुपारी भाजी चिरता चिरता ओट्याशी बसली ती बसलीच. गुंड म्हणजे आमच्या भंडाऱ्याकडची पाण्याची कळशी. "आमच्या घरात गुंड आहे" हे माय मुद्दाम नवख्या शेजारणींना सांगायची आणि त्यांचे चेहरे बघायची. घरातलं माणूस गेलं की भरलेलं पाणी ओतून टाकायचं असतं. बायकांनी माठ ओतला, बादल्या पालथ्या केल्या. गुंडापाशी मात्र बाबा येऊन उभे राहिले. "राहू द्या," एवढंच म्हणाले. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग तेरावं झालं, मायच्या साड्या वाटल्या, पाहुणे गावी गेले. गुंड होता तिथेच राहिला, ओट्याच्या कोपऱ्यात, झाकण घातलेला, भरलेला.

मला त्या गुंडाचीही भीती वाटायची. स्वयंपाक करताना कोपर त्याला लागू नये म्हणून मी अंग चोरून उभी राहायची. शेजारच्या साहू काकी म्हणाल्या, "नोनी, मरे मनखे के पानी घर म नइ राखंय." पोरी, मेलेल्या माणसाचं पाणी घरात ठेवत नाहीत, हे त्यांचं छत्तीसगढी बोलणं मला कळत होतं. पण बाबांना सांगणार कोण? बाबा बोलतच नव्हते. सकाळी उठायचे, खुर्चीत बसायचे, समोर ताट ठेवलं तर एक घास मोडून हात धुवायचे. डॉक्टरांनी सगळं तपासलं. छाती ठीक, साखर ठीक. "इनको कुछ नहीं है," ते मला बाहेर नेऊन म्हणाले, "बस, मन नहीं है." मन नसल्यावर माणूस किती दिवस काढतो हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी पहाटे उठून त्यांच्या दाराशी उभी राहायची आणि बनियन वरखाली होतंय का ते बघायची. ते हललं की मग चहा ठेवायची.

वैशाखात भिलाईत कुलरशिवाय जगता येत नाही. त्या वर्षी मी एकटीने तो ओढून खिडकीशी लावला, बाबा नुसते बघत होते. एका दुपारी पाणी भरायला म्हणून ते स्वतःहून उठले, त्यांनी मागची जाळी काढली आणि तिथूनच हाक मारली. "शोभे, इकडं ये. हे पाह्य कोन बसून हाये."

मायनंतर त्यांनी मला मारलेली ती पहिली हाक. मी धावत गेले. गवताच्या ओल्या पॅडला चिकटून एक पिवळट तपकिरी बेडूक बसला होता, पाय पोटाशी दुमडून, डोळे अर्धे मिटून. मी किंचाळले. बाबा हसले. हसले म्हणजे ओठ नुसते हलले, पण हलले. मला रडू आलं, आणि ते बेडकाच्या भीतीने आलं असं मी दाखवलं.

त्याचं नाव कुलरवाला पडलं. बाबा त्याच्याशी बोलायला लागले. "काय हो कुलरवाले, गरम होऊन राहिलं का?" असं काहीबाही. मग पाऊस आला, कुलर बंद करायची वेळ आली आणि कुलरवाला घरातच राहणार म्हणून बाबा हटून बसले. कुणाच्या तरी माळ्यावरून माशांची जुनी काचपेटी आणली, तळाशी रंगीत गिट्टी टाकली, एक फांदी रोवली, वर जाळी बसवली. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली जमणारी पाखरं ते चिमटीत धरून आत सोडायचे. क्रेन चालवलेला हात आता कापायचा, निम्मी पाखरं उडून माझ्या वरणात पडायची. मी ते चालवून घ्यायची. कारण पाखरांच्या नादात ते पोळी खाऊन उठायचे.

माझ्या भीतीने मात्र घर बदललं. आधी मी बाबांचं बनियन बघायची. आता काचेशी जाऊन बेडकाचा गळा बघायला लागले. तो सारखा लपलप हलत असतो. तो हलतोय तोवर बाबा जेवणार, असा हिशोब माझ्या मनाने परस्पर करून टाकला होता. ज्या प्राण्याला बघून मी खुर्चीवर चढायची, त्याच्या गळ्यावर मी आमचं सगळं घर टांगून ठेवलं होतं.

आमच्या घरात शिळं पाणी कुणी कुणाला देत नाही. हा मायचा कायदा. रात्रीचं उरलेलं पाणी सकाळी झाडांना, भांडी घासून नळाचं ताजं भरायचं, मगच चहा. दारावर आलेल्या गायीलाही तिने कधी शिळं पाणी दाखवलं नाही. बाबांनी तो कायदा कुलरवाल्याला लावला. रोज सकाळी नळ आला की पेटीतली त्याची पाण्याची थाळी घासायची आणि काठोकाठ ताजं पाणी भरायचं. पावसाळ्यात आमच्या नळाला दवाईचा वास येतो. काविळीची साथ नको म्हणून पाण्यात औषध जास्त टाकतात, सकाळी तोंड धुताना डोळे चुरचुरतात. बाबांना तो वास स्वच्छतेचा वाटायचा. "एकदम साफ हाये पानी," म्हणायचे.

श्रावण लागायच्या सुमाराला कुलरवाला फांदीवरून खाली उतरला आणि वर चढेना. थाळीतही बसेना. पाण्यात ठेवला की बाहेर यायचा आणि कोपऱ्यात काचेला पोट लावून राहायचा. पाखरं त्याच्या नाकासमोरून चालत जायची, हा बघायचा नाही. अंगावरचं कातडं पापुद्र्यासारखं निघायचं आणि निघता निघता अडकायचं. बाबा म्हणाले पावसानं सुस्ती आली असेल, आणि पाणी दिवसातून दोनदा बदलायला लागले.

मग ते दिसलं. तो काचेला पोट लावून बसला होता आणि मी बाहेरून गळा बघत होते. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पोटाच्या खाली कातडी लाल झाली होती. मेंदी पुसट व्हायला लागली की दिसते तशी. मी बाबांना हाक मारली आणि मारताक्षणी वाटलं, मारायला नको होती. ते वाकले, बराच वेळ बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी ताट सरकवून दिलं.

साहू काकींनी हळद लावायला सांगितली. आमच्याकडेही कापलं, भाजलं, सुजलं, काहीही झालं की हळद. मी वाटीत कालवलीसुद्धा. पण ती लावायला बेडकाला हात लावावा लागणार होता, तेवढं माझ्याने होईना. आज वाटतं, माझा भित्रेपणा आयुष्यात एकदाच कुणाच्या उपयोगी पडला.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी कुलरवाल्याला एका प्लास्टिकच्या डब्यात घातलं. खरं म्हणजे बाबांनी घातलं, मी डोळे मिटून डबा धरला. झाकणाला भोकं पाडली. स्कूटीवर बाबा मागे बसले, डबा त्यांच्या मांडीवर. दुर्गला पद्मनाभपुरात एक जनावरांच्या डॉक्टर बसतात असं कळलं होतं. रस्ताभर मी आरशातून बाबांचा चेहरा बघत होते. ट्रक गेला की ते डब्यावर हात धरायचे. मला वाटत होतं आता ते म्हणतील, परत चल, काही उरलं नाही.

दवाखान्यात दोन कुत्री, एक बकरी आणि आम्ही. डॉक्टर तरुण मुलगी होती. डबा उघडल्यावर ती हसली नाही, याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. "मेंढक मैंने आज तक नहीं देखा, सच बोलूँ तो," ती म्हणाली आणि तिने कॉलेजातल्या आपल्या सरांना फोन लावला. बोलता बोलता ओले हातमोजे घालून तिने त्याला उलटं केलं. मी भिंतीकडे बघितलं. मग तिने विचारलं, पाणी कुठलं देता?

"रोज ताजा," बाबा ताठ बसून म्हणाले. "नल का. दिन में दो बार."

तिने त्याला सरळ करून डब्यात ठेवलं. "अंकल, ये मुँह से पानी पीता ही नहीं. चमड़ी से पीता है. नल में जो दवाई आती है ना, वो सीधी इसके अंदर जा रही है. उसी से चमड़ी जली, और जली चमड़ी में इन्फेक्शन घुस गया."

त्वचेतून श्वास, त्वचेतून पाणी. हे मी वर्गात पोरांकडून एका सुरात म्हणवून घेते. माझे कान गरम झाले. बाबांचा चेहरा बघायची मला हिंमत होईना.

ती सांगत गेली आणि मी मान हलवत गेले. गिट्टी काढून टाका, पाखरासोबत गिळली तर पोटात अडकेल. तळाला साधा ओला टिश्यू कागद, रोज नवा. हळद, तेल, साबण काही नाही. हात लावायचा तर साध्या पाण्यात खळबळलेले हातमोजे घालून. बरा झाल्यावर पाखरांवर कॅल्शियमची पूड भुरभुरा, नाहीतर हाडं मऊ पडतात. आणि हे औषधाचे थेंब पाण्यात टाकून त्यात रोज थोडा वेळ बसवायचा. मी विचारलं, बागेत सोडून देऊ का? माझ्या आवाजात सुटकेची आशा असणार, कारण तिने जरा कडक उत्तर दिलं. "अभी नहीं. बीमारी लेके जाएगा, बाहर वालों को भी देगा. ठीक हो जाए, फिर जरूर छोड़िए. ये पालने की चीज नहीं है."

"और पानी?" बाबांनी विचारलं.

"बासी. नल का पानी चौड़े बर्तन में खुला रख दीजिए, एक दिन बाद दवाई उड़ जाती है. बर्तन स्टील का या काँच का. ताँबा-पीतल बिल्कुल नहीं." फिल्टरचं चालेल का, मी विचारलं. नाही म्हणाली, त्यात क्षारही उरत नाहीत, आजारी जिवाला ते सोसणार नाही. मग डब्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "पर दवाई आज ही शुरू कीजिए. कल तक रुकने लायक हालत नहीं है इसकी."

परतताना बाबांनी डबा पोटाशी धरला होता. घरी आल्यावर डबा ओट्यावर ठेवला आणि एकदम माझ्यावरच उखडले. "शिळं पानी? घरच्या जीवाले शिळं पानी देऊ? तुही माय काय म्हनन?"

"बाबा, तुमी ऐकलं ना डॉक्टर काय म्हनाली ते."

"मीच पाजलं ना त्याले," ते म्हणाले. राग तितक्यातच विझला होता. "रोज माह्या हातानं पाजलं. ताजं ताजं म्हनून."

मला त्यांच्या त्या आवाजाची जेवढी भीती वाटली, तेवढी आधी कशाचीच वाटली नव्हती. भोंग्याचीसुद्धा नाही. मी भांडी धुंडाळायला लागले. माठ सकाळीच घासून भरलेला. बादल्या सकाळच्या. गच्चीवरच्या टाकीत तेच नळाचं, तोच वास. पाऊस चार दिवसांपासून दडी मारून बसला होता, आकाशात ढगाचं चिन्ह नाही. साहू काकींकडे धावले, त्यांचंही ताजं. मायच्या कायद्याने चालणाऱ्या घरात शिळं पाणी म्हणून थेंब नव्हता. डब्यात कुलरवाल्याचा गळा मी बघितला. हलत होता, पण मधेच थांबत होता. थांबला की मी मोजायला लागायची आणि भीतीने आकडे विसरायची.

मला सगळं दिसत होतं आणि मी तिकडे बघत नव्हते. ओट्याच्या कोपऱ्यात स्टीलचा गुंड होता. माघापासून भरलेला. ते बोलणं माझ्या जिभेवर येईना. जे पाणी त्यांनी बायकांना ओतू दिलं नाही, ते मी एका बेडकासाठी मागणार? आणि ते ओतून बेडूक मेलाच, तर बाबांकडे काय उरणार होतं? मी टॉवेल घट्ट धरून नुसती उभी राहिले.

बाबा उठले. ओट्याशी गेले आणि त्यांनी झाकण काढलं. थोडं वाकून वास घेतला. मग गुंड उचलला, तर हात कापायला लागले, म्हणून मी पुढे होऊन खालून आधार दिला. तो गुंड मी किती महिन्यांनी हाताळत होते. गार होता. आम्ही दोघांनी मिळून काचेच्या भांड्यात पाणी ओतलं. नितळ होतं, कसलाही वास नव्हता. बाबांनी ओतता ओतता मध्येच हात थांबवला नाही. मायने त्या सकाळी भरलेलं पाणी आवाज करत पडत राहिलं.

"आता तू घे त्याले," ते म्हणाले. "माहे हात हालतेत."

मी हातमोजे घातले, त्याच पाण्यात खळबळले. मग डब्यात हात घातला. तो मऊ होता, हलका होता, आणि माझ्या तळव्यावर त्याचा गळा हलत होता. मला भीती वाटत होती, खूप वाटत होती, पण ती नेहमीची नव्हती. मी त्याला पाण्यात ठेवलं. इतके दिवस पाण्याबाहेर पळणारा तो बेडूक पाय पसरून पाण्यात बसला. बाबा खुर्ची ओढून समोर बसले, मी त्यांच्या बाजूला.

पुढचे आठवडे औषधाचे थेंब, टिश्यू कागद आणि गच्चीवर उघड्या ठेवलेल्या स्टीलच्या पातेल्यांत गेले. वर कापड बांधायचं, डासांनी अंडी घालू नयेत म्हणून. सूज आली की मी रडायची, उतरली की बाबा जास्त भात घ्यायचे. लाली एकदम गेली नाही. मध्ये एकदा परत वाढली, तेव्हा मी शाळेतून फोन करकरून बाबांना भंडावून सोडलं. पोळ्याच्या आसपास तो फांदीवर चढला. डॉक्टरने तपासून होकार दिला आणि आम्ही त्याला मागच्या मधुमालतीवर सोडलं. तो निघून गेला. मागे वळून वगैरे काही बघितलं नाही.

यंदा मी ओल्या हातांनी खोलीत डोकावले तेव्हा बाबा पलंगावर बसून शेंगा फोडत होते. "आला का?" त्यांनी विचारलं. तोच तो असं ते दरवर्षी मानतात. बेडूक इतकी वर्षं जगतात की नाही हे मी पुस्तकात बघत नाही. मी हो म्हटलं. त्यांच्या बनियनकडे एकदा बघून घेतलं, सवय.

पण तो पावसाळा आठवला की मला ती संध्याकाळ आठवते. कुलरवाला पाण्यात बसला होता, जगेल की नाही ते आम्हाला माहीत नव्हतं. ओट्यावर गुंड रिकामा होता. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. बाबा उठले, त्यांनी गुंड मोरीत नेला आणि राखेने घासला, माय घासायची तसा, आधी आतून मग बाहेरून. त्या घासण्याच्या आवाजानेही मी दचकत होते. मग त्यांनी तो नळाखाली ठेवला आणि मला हाक मारली.

"शोभे, गुंड भर वं. झाकन नको ठेवू, उघडाच राहू दे. उद्या शिळं पानी लागन."

उद्या, म्हणाले ते. मी नळ सोडला.